फसलेला गेम आणि दोन वर्षांची मुदत

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आहे. सातपूरच्या कारखान्यात नोकरी, वय २७. दिवाळीच्या बोनसमधून त्यांनी खूप गाजावाजा झालेल्या एका गेमची डिलक्स आवृत्ती ६,४९९ रुपये भरून ऑनलाइन स्टोअरवर आगाऊ नोंदवली. पुढच्या मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गेम आला. ट्रेलरमध्ये पावसात भिजलेलं, माणसांनी गजबजलेलं शहर होतं आणि मित्रांबरोबर खेळायची सोय होती. हातात आले रिकामे रस्ते, मित्रांबरोबर खेळायची सोय नाहीच, आणि दर पाऊण तासाला गेम बंद पडून समोर निळा पडदा. त्याच आठवड्यात त्यांनी पैसे परत मागितले, तर ‘आमच्या धोरणात बसत नाही’ असं उत्तर आलं. मग सपोर्टशी अकरा ईमेल झाले. दर वेळी एकच सल्ला, पुढच्या अपडेटची वाट पाहा. गेल्या गणपतीत सपोर्टने तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद करून टाकली. वाचक विचारतात, पैसे परत मिळतील का? आणि खरेदी करताना ‘मला मान्य आहे’ वर क्लिक केलं, त्यात माझा हक्क गेला का? प्रत्येक मोठ्या गेमनंतर मला अशी पत्रं येतात. हे प्रकरण अजून दाखल व्हायचं आहे, म्हणून गेमचं आणि कंपनीचं नाव घेत नाही.

तुमच्या पाच पानांपैकी चार पानं गेम किती वाईट निघाला यावर गेली आहेत. ते मला पटलं, आणि त्यावर आणखी लिहायची गरज नाही. ज्यावर सगळं अवलंबून आहे ते तुम्ही शेवटी ताजा कलम म्हणून एका ओळीत उरकलं आहे: ‘तिकीट सप्टेंबरमध्ये बंद झालं, म्हणजे माझ्याकडे अजून वीस महिने आहेत ना?’

नाहीत. तुमच्याकडे जेमतेम आठ आठवडे आहेत असं धरून चाला.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीस कारण घडलं त्या दिवसापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. कारण कधी घडलं? गेम सदोष अवस्थेत तुमच्या हातात आला तेव्हा, किंवा फार तर तुम्हाला पैसे नाकारले तेव्हा. दोन्ही गोष्टी एकाच मार्चमधल्या. त्यानंतरचे अकरा ईमेल हा पत्रव्यवहार आहे, आणि पत्रव्यवहार करत राहिल्याने मुदत पुढे सरकत नाही. लोकांना वाटतं, समोरच्याने शेवटचं ‘नाही’ म्हटलं की तिथून घड्याळ सुरू होतं. तसं असतं तर दर वर्षी एक पत्र टाकून कोणीही वीस वर्षं तक्रार जिवंत ठेवली असती. शिवाय मुदतीचा मुद्दा कंपनीच्या वकिलाने काढायलाच हवा असंही नाही. भारतीय स्टेट बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की तक्रार मुदतीत आहे की नाही हे ग्राहक मंचाने (आता त्याला ग्राहक आयोग म्हणतात) स्वतःहून तपासलं पाहिजे, आणि ती मुदतबाह्य असेल तर गुणदोषात शिरायचंच नाही. म्हणजे तुमचा ट्रेलर, निळा पडदा, रिकामे रस्ते, यातलं काहीही कोणी पाहणार नाही.

‘ते सारखं अपडेटचं आश्वासन देत होते, म्हणून मी थांबलो’ असा युक्तिवाद करता येतो. तुमच्या जागी मुदत उलटून गेलेला माणूस माझ्यासमोर बसला असता तर मी तो केलाही असता, कारण दुसरं काही हाती राहिलं नसतं. कलम ६९ मध्येच विलंब माफ करण्याची तरतूद आहे, पण त्यासाठी पुरेसं कारण दाखवावं लागतं आणि आयोगाला ते लेखी नोंदवावं लागतं. मोठं आजारपण, अपघात असं काही असेल तर आयोग ऐकून घेतो. वाट पाहिली या कारणावर भरवसा ठेवून मी कोणाला मार्च उलटू देणार नाही.

आणि मला राग येतो तो इथेच. तुम्ही बावीस महिने शांत बसला होतात असं नाही. तुम्ही चिडत होतात, लिहीत होतात, मित्रांशी बोलत होतात. या सगळ्या खटपटीतल्या एका संध्याकाळी तक्रार लिहून झाली असती.

लवकर आवाज उठला की काय होतं याचं उदाहरण तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा ‘सायबरपंक २०७७’ तीनदा लांबणीवर पडून १० डिसेंबर २०२० रोजी आला. जुन्या प्लेस्टेशन ४ वर त्याची जी अवस्था होती ती पाहून पहिल्याच आठवड्यात जगभर ओरड झाली, आणि १७ डिसेंबरला सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढून टाकला. तिथे डिजिटल प्रत घेतलेल्यांना मागणी केल्यावर पूर्ण पैसे देऊ केले. गेम पुन्हा विक्रीला आला तो २१ जून २०२१ ला. कोर्टाची पायरी न चढता पैसे परत मिळाले, कारण ओरड जगभर आणि तेव्हाच्या तेव्हा झाली. अमेरिकेत त्याच गेमवरून जो खटला झाला आणि १८.५ लाख डॉलरला मिटला, त्याचा दाखला तुम्ही पत्रात दिला आहे. तो तुमच्या उपयोगाचा नाही. तो गुंतवणूकदारांचा खटला होता. पैसे शेअर घेणाऱ्यांसाठी होते, खेळणाऱ्यांसाठी नव्हे.

आता ‘मला मान्य आहे’ या बटणाबद्दल. ते दाबल्याने तुमचा ग्राहक म्हणून असलेला हक्क संपत नाही. विक्रीनंतर सदोष वस्तू परत घ्यायला किंवा सदोष सेवेचे पैसे परत द्यायला नकार देणं ही आपल्या कायद्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा आहे. अशा अटींबद्दल ऑस्ट्रेलियातला अनुभव बोलका आहे. ‘परतावा नाही’ या धोरणावरून तिथल्या ग्राहक आयोगाने स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीला कोर्टात खेचलं आणि २०१६ मध्ये तिला ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. एकदा डाउनलोड केलं की परतावा नाही, असं ग्राहकांना सांगितल्याबद्दल २०२० मध्ये सोनीच्या कंपनीला ३५ लाखांचा झाला. हे निकाल नाशिकच्या आयोगावर बंधनकारक नाहीत. पण अट छापली म्हणून ती चालतेच असं नाही, एवढं त्यातून दाखवता येतं. कराराच्या अटींमध्ये लवादाचं कलम, म्हणजे वाद कोर्टाऐवजी खासगी लवादापुढे न्यायची अट, असेल तर तेही तुम्हाला अडवत नाही. एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे मिटवलं आहे.

एक खड्डा मात्र टाळा. या अटी अन्यायकारक आहेत म्हणून चिडून तक्रारीत ‘हा अनुचित करार आहे, तो रद्द करा’ असं लिहू नका. अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, ती राज्य आयोगाकडे जाते. तुम्ही ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आणि ‘दिशाभूल करणारी जाहिरात’ हेच शब्द वापरा आणि नाशिकमध्येच राहा.

दिशाभूल सिद्ध होईल का, याची हमी मी देत नाही. दोन जुनी प्रकरणं बघा. ‘एलियन्स: कलोनियल मरीन्स’ या २०१३ च्या गेमचा डेमो एक आणि विकलेला माल दुसरा, अशी ओरड झाली. ब्रिटनच्या जाहिरात मानक संस्थेपुढे सेगाने ट्रेलर आणि अंतिम गेम यांत फरक असल्याचं मान्य केलं आणि ट्रेलरवर तशी सूचना टाकायचं कबूल केलं. उलट ‘नो मॅन्स स्काय’बद्दल त्याच संस्थेकडे तक्रारी गेल्या तेव्हा २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये त्या फेटाळल्या गेल्या. त्या गेममधलं विश्व संगणक जागच्या जागी रचतो, प्रत्येकाला वेगळं दिसतं, आणि जाहिरातीत दाखवलेल्या प्रकारची दृश्यं खेळणाऱ्याला भेटू शकतात असं संस्थेला वाटलं. यावरून तुमच्यापुरतं असं धरा की ‘शहर जिवंत वाटत नाही’ हे मत आहे, त्यावर जोर देऊ नका. ‘मित्रांबरोबर खेळता येईल असं विक्रीच्या पानावर लिहिलं होतं आणि ते नाही’ ही वस्तुस्थिती आहे. तक्रार त्यावर आणि गेम बंद पडण्यावर उभी करा.

तुम्ही जोडलेल्या ईमेलपैकी तिसरा मी दोनदा वाचला. एप्रिलमधला आहे, तीन ओळींचा. ‘ही अडचण आमच्या टीमला माहीत आहे आणि त्यावर काम सुरू आहे.’ दोष होता हे त्यांनी स्वतः लिहून दिलं आहे, आणि तुम्ही तो ईमेल फक्त ‘इतर पत्रव्यवहार’ म्हणून जोडला आहे! तो पहिला लावा. विक्रीच्या पानाचा फोटो तुम्ही काढून ठेवला नाही, आणि आता ते पान बदललं आहे असं तुम्हीच लिहिता. हा हलगर्जीपणा महागात पडू शकतो. ट्रेलर अजून कंपनीच्या अधिकृत चॅनेलवर आहे तोवर आजच उतरवून घ्या, तारीख दिसेल असा. नोंदणीच्या वेळी आलेल्या ईमेलमध्ये डिलक्स आवृत्तीत काय काय मिळेल याची यादी बहुधा असेल, ती शोधा. सगळ्या छापील प्रतींबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांत फार ताठर नसतो, पण नसत्या हरकतीला जागा कशाला?

तुमच्या खात्यावर ६१ तासांचा खेळ नोंदलेला आहे. त्यावर तुम्हाला विचारणार, हे नक्की. प्रत्येक अपडेटनंतर पुन्हा सुरू करून पाहत होतो, हे खरं असेल तर प्रतिज्ञापत्रात तारखांसह लिहा. आयोग ते कितपत मानेल हे मी आत्ता सांगू शकत नाही. पूर्ण ६,४९९ ऐवजी काही भाग मिळण्याची तयारीही ठेवा. गेम ही वस्तू की सेवा, हा वादही निघेल. डिजिटल उत्पादनांची ऑनलाइन विक्री कायद्याच्या ई-कॉमर्सच्या व्याख्येत येते, तेवढं उत्तर पुरेसं आहे.

विरुद्ध पक्ष कोण, हे पावतीवरून ठरवा. पैसे ज्या कंपनीच्या नावाने गेले ती पहिली, गेम बनवणारी दुसरी. कंपनी परदेशातली असली तरी भारतातल्या ग्राहकांना सतत विक्री करत असेल तर २०२० चे ई-कॉमर्स नियम तिला लागू होतात. तिच्यावर नोटीस बजावणं आणि पुढे हुकमाची वसुली हे वेगळं दुखणं आहे. भारतात कार्यालय असलेली एखादी संबंधित कंपनी पावतीवर दिसली तर तिला सोडू नका.

तुम्ही नाशिकला राहता, म्हणून तक्रार नाशिकच्या जिल्हा आयोगात चालते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. आधी वकिलाची नोटीस पाठवलीच पाहिजे असा समज आहे, तसं बंधन नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन जरूर करा, कधी कधी तिथेच मिटतं. पण त्या फोनने मुदत थांबत नाही.

निकाल कधी लागेल हे तुम्ही विचारलं आहे. मालाच्या चाचणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत, असं कलम ३८ म्हणतं. माझ्याकडे एका वॉशिंग मशीनची तक्रार चौथ्या वर्षात आहे. मशीन भंगारात गेलं, तक्रारदार बाई दर तारखेला पिशवीत पावती घेऊन येतात आणि पुढची तारीख घेऊन जातात. आयोगांवरच्या रिकाम्या जागांची दखल खुद्द सर्वोच्च न्यायालयाला घ्यावी लागली आहे. तीन महिने लिहिणाऱ्या कायद्याने माणसं नेमायची नाहीत, आणि ग्राहकाकडे मात्र दोन वर्षांवरच्या एका दिवसाचंही कारण मागायचं, हे मला आजही सहन होत नाही. त्यात एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. विरुद्ध पक्षाला लेखी जबाबासाठी ३० आणि वाढवून १५ असे ४५ दिवसच मिळतात, आणि त्यापुढे एकही दिवस नाही हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवलं आहे. सेहेचाळिसाव्या दिवशी उठून तेवढं निदर्शनास आणून द्या.

पोर्टलवर कागदांत त्रुटी निघाली तर फाइल परत येते आणि दुरुस्तीत दिवस जातात. म्हणून मार्चचा विचार सोडा, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दाखल करा. ज्या दिवशी पैसे नाकारले तो पहिला ईमेल, तारखेसकट, मला पाठवा. तुमच्या जोडपत्रांत तो नाही.