जॅक लेस्ली आणि न मिळालेली टोपी

‘इंग्लंडच्या संघात निवड झालेला फुटबॉलपटू म्हातारपणी दुसऱ्यांचे बूट पुसायचा, हे खरं की उगाच फिरणारी गोष्ट?’ असं एकाने विचारलंय. खरं आहे, आणि तो फुटबॉलपटू म्हणजे जॅक लेस्ली. फक्त लोक हळहळतात ते भलत्याच ठिकाणी.

जॅक लेस्ली लंडनच्या कॅनिंग टाउनचा, म्हणजे गोदीकडच्या कामगार वस्तीतला. वडील जमैकाचे कृष्णवर्णीय, आई इंग्लिश. १९२१ मध्ये तो प्लिमथ शहराच्या अर्गाइल या क्लबकडे आला आणि अख्खी व्यावसायिक कारकीर्द तिथेच काढली. खेळायचा इनसाइड-लेफ्ट, म्हणजे आघाडीत मधल्याच्या डाव्या हाताला, आणि त्याच्याही डावीकडे जोडीला सॅमी ब्लॅक. सुमारे ४०० सामने, १३७ गोल, शिवाय संघाचा कप्तान. संघ मात्र नशिबाचा भलताच कच्चा. इंग्लिश लीगच्या तिसऱ्या विभागाच्या दक्षिण गटातून वर्षाला एकच संघ वर जायचा आणि अर्गाइल सलग सहा वर्षं दुसरे! १९३० मध्ये एकदाचे वर गेले.

आता १९२५. अर्गाइलचा मॅनेजर बॉब जॅकने त्याला ऑफिसात बोलावून सांगितलं, तुझी इंग्लंडसाठी निवड झाली. तिसऱ्या विभागातल्या खेळाडूला असं बोलावणं म्हणजे केवढी गोष्ट! गावभर तोच विषय. आणि मग एकदम शांतता. नवी यादी आली, तिच्यात लेस्ली नाही. तेव्हा इंग्लंडला मॅनेजर नव्हता, फुटबॉल असोसिएशनची समिती संघ निवडायची. समितीने कारण कधीच दिलं नाही. पुढे लेस्ली स्वतः सांगायचा की समितीचे लोक आले होते ते खेळ बघायला नव्हे, तोंड बघायला, म्हणजे त्वचेचा रंग. २४ ऑक्टोबरला बेलफास्टमध्ये इंग्लंड-आयर्लंड सामना ०-० सुटला. त्याच दिवशी अर्गाइलने बोर्नमथला ७-२ धुतलं, त्यात दोन गोल लेस्लीचे. समितीला याहून चांगलं उत्तर मैदानावर देता येत नाही. पण तिने पुन्हा कधी त्याला बोलावलं नाही.

शेवट चेंडूनेच केला. तेव्हाच्या चामडी चेंडूला वरून नाडी असायची. ती डोळ्याला लागली आणि नजर अधू झाली. मग लंडनला परतून बॉयलर बनवायचं जुनं काम. निवृत्तीनंतर, साठच्या दशकात, लंडनच्याच वेस्ट हॅम क्लबच्या मैदानावर काम विचारायला गेला. मॅनेजर रॉन ग्रीनवुडने त्याला ओळखलं आणि बुटांच्या खोलीचं काम दिलं. बॉबी मूर, जेफ हर्स्ट, पुढे क्लाइड बेस्ट अशा वेस्ट हॅमच्या खेळाडूंच्या बुटांचा चिखल तो काढायचा. लोकांना इथे वाईट वाटतं. मला नाही वाटत. आयुष्यभर हातांनी कमावणाऱ्या माणसाला घरी बसवत नव्हतं, त्याला मैदानाजवळचं काम मिळालं. अपमान झाला तो १९२५ मध्ये.

आणि हे जरूर लक्षात ठेवा: हाच ग्रीनवुड पुढे इंग्लंडचा मॅनेजर झाला आणि १९७८ मध्ये त्यानेच विव्ह अँडरसनला इंग्लंडकडून खेळवलं. इंग्लंडच्या मुख्य संघाचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून सगळीकडे अँडरसनचंच नाव सापडतं, आणि नियमाने ते बरोबरही आहे, कारण लेस्लीला खेळूच दिलं नाही.

लेस्ली १९८८ मध्ये गेला. २०२२ मध्ये अर्गाइलच्या होम पार्क मैदानाबाहेर लोकवर्गणीतून त्याचा पुतळा उभा राहिला. इंग्लंडकडून खेळणाऱ्याला जी टोपी देतात, ती २०२३ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर त्याच्या नातींच्या हातात पडली.