लहान मूल आणि रोजचं दुखणं दोन्ही सांभाळताना थेरपिस्टशी खरं कसं बोलायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्हाला आमवात, मुलगी पाच वर्षांची, चार-पाच महिने मानसोपचारासाठी थेरपिस्टकडे जाताय, आणि दर वेळी 'तसं बरं चाललंय' म्हणून उठून येता. खरं सांगितलं तर त्यांना 'ही कसली आई' असं वाटेल, ही भीती. मी नाशिकला राहते. मलाही आमवात आहे, मुलगा आता सात वर्षांचा आहे, आणि पहिले दोन महिने मीसुद्धा 'बरं चाललंय'च म्हणत होते. मला काय उपयोगी पडलं ते सांगते.

आधी सोफ्याचं सांगते. माझ्या थेरपिस्ट मॅडमच्या खोलीत एक खोलगट सोफा होता. त्यात बसलं की गुडघे कमरेच्या वर यायचे आणि उठताना सगळा भार मनगटांवर घ्यावा लागायचा. मनगटं माझी सगळ्यात वाईट. त्यामुळे पन्नास मिनिटांतली शेवटची वीस मिनिटं 'आता उठायचं कसं' यातच जायची, त्या काय विचारताहेत ते अर्धंच डोक्यात शिरायचं. सातव्या वेळी उठताना तोंडून 'आई गं' निघालं. 'हे कधीपासून?' त्यांनी विचारलं. 'पहिल्या दिवसापासून,' मी म्हटलं. पुढच्या वेळी तिथे हात असलेली, उंच, सरळ खुर्ची होती, आणि अर्ध्या तासाने उठून खोलीत दोन फेऱ्या मारायच्या असं ठरलं.

मोकळं बोलण्याची माझी सुरुवात तिथून झाली. म्हणून तुम्हालाही आधी तेच सांगेन. मनातलं राहू दे बाजूला, आधी शरीराचं बोला. खुर्ची बोचते, जिना चढवत नाही, एसीने बोटं आखडतात, सकाळची वेळ जमत नाही. आमवातात उठल्यावर तासभर तरी सांधे धरलेले असतात, मग दहाची वेळ कशाला घ्यायची? मी चारची मागून घेतली. 'मला इथे दुखतंय' हे एकदा त्या खोलीत म्हणून झालं की पुढचं वाक्य थोडं सोपं जातं.

पुढचं वाक्य माझ्यासाठी शर्टाचं होतं. मुलगा तेव्हा चार वर्षांचा, ज्युनिअर केजीत. युनिफॉर्मच्या शर्टाला सहा बटणं, शर्ट नवा म्हणून काजं घट्ट. व्हॅन सात-दहाला यायची. तो हनुवटी वर करून उभा, आणि मला वरचं बटण काजात सरकवता येईना. तो हलला, माझं बोट मुरगळलं आणि कळ खांद्यापर्यंत गेली. मी त्याला ढकललं. जोरात. तो पलंगाच्या कडेवर आपटला. फार लागलं नाही, पण तो रडलाही नाही, आणि ते मला जास्त लागलं. उठून स्वतःच बटणं लावायला लागला, एक काज चुकवून. तसाच गेला शाळेत, शर्टाची एक बाजू वर, एक खाली.

हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आणि त्याच्याही खाली एक गोष्ट होती. माझा आजार मुलगा झाल्यावर सात महिन्यांनी सुरू झाला. बाळंतपणानंतरच्या वर्षात आमवात सुरू होण्याचं किंवा उसळण्याचं प्रमाण जास्त दिसतं, हे मला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. त्यांनी माहिती म्हणून सांगितलं, मी मात्र मनात वेगळंच धरून बसले. हा झाला नसता तर माझे हात चांगले राहिले असते. स्वतःच्या पोटच्या पोराबद्दल हे मनात येतं, हे कोणासमोर कसं काढायचं?

तोंडाने काढता आलंच नाही. एका रात्री सगळे झोपल्यावर मी ते हळू आवाजात फोनमध्ये बोलून टाईप केलं, कारण लिहायला बोटं वळत नव्हती. पुढच्या वेळी फोन मॅडमच्या हातात दिला आणि म्हटलं, 'तुम्ही वाचा, मी खिडकीबाहेर बघते.' त्यांनी वाचलं. मला वाटलं होतं की एकतर समजूत घालतील, नाहीतर तोंडावर काहीतरी उमटेल. त्यांनी विचारलं, 'त्या आठवड्यात झोप किती होत होती? स्टिरॉइड चालू होतं का?'

चालू होतं. सांधे खूप सुजले होते म्हणून डॉक्टरांनी काही आठवडे प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिलं होतं. त्याने झोप उडते, काहींची चिडचिड वाढते. मी चार महिने 'मी वाईट आई आहे' म्हणून जे जपून ठेवलं होतं, त्यात औषधाचाही वाटा असू शकतो हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. ढकललं ते मीच, ते औषधावर ढकलत नाहीये. पण थेरपिस्टला औषधांची पूर्ण यादी द्या, डोस बदलला की तेही सांगा. मी मेथोट्रेक्सेट, म्हणजे आमवाताची गोळी, आठवड्यातून एकदा, शनिवारी रात्री घेते आणि रविवार मळमळीत जातो. रविवारी मला आयुष्याबद्दल जे काही वाटतं ते मॅडम आता थोडं बाजूला ठेवून ऐकतात.

'हा झाला नसता तर' या वाक्यावर मात्र आम्ही बरेच आठवडे होतो. त्यांनी ते चूक ठरवलं नाही. वाक्य दुखण्याचं आहे, मुलाबद्दलचं नाही, असं आईने ठरवायचं आणि मुलाच्या कानावर ते तसंच पडलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी घरी एक वाक्य बोलायला शिकले: 'हात दुखताहेत म्हणून मी चिडले, तू काही केलं नाहीस.' चिडून झाल्यावर, त्याच दिवशी, त्याच्या उंचीला बसून. गुडघे साथ देत नसतील तर त्याला पलंगावर उभं करून. आता तो सकाळी स्वतःच विचारतो, 'आई, हात उठले का?' नसतील उठले तर कोमट पाण्याचा टोप बाबाकडे मागतो. सकाळचा शर्ट बाबाकडे गेला, हेही त्या खोलीत ठरलं. मला वाटत होतं आईचं काम सोडलं म्हणजे आईपण सुटलं. संध्याकाळचं गोष्ट सांगणं माझ्याकडे आहे. त्याला हात लागत नाहीत.

दुखणं किती, हे सांगायची पद्धतही बदला. '0 ते 10 मध्ये किती?' या प्रश्नाला मी कायम 'सहा' म्हणायचे. सहा म्हणजे काय, हे त्यांनाही कळत नव्हतं, मलाही नाही. आता मी कालनिर्णयच्या चौकोनात, जिथे सासूबाई दुधाचा हिशोब लिहितात त्याच्याच खाली, एकेक शब्द टाकते. 'झाकण' म्हणजे कुकरचं झाकण लागलं नाही. 'वेणी' म्हणजे स्वतःचे केस बांधता आले नाहीत. 'कडेवर' म्हणजे त्याने हात वर केले आणि मी उचललं नाही. महिन्याचा फोटो काढून नेते. 'कडेवर' तीनदा आलं की मॅडम तिथेच थांबतात, आणि 'बरं चाललंय' म्हणायला मला जागाच राहत नाही.

आणखी एक भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण मला होती. मानसोपचाराला गेलं की घरचे म्हणणार, 'बघ, म्हणजे मनाचंच होतं सगळं.' वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आयएएसपीने, 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. त्यात वेदना हा शरीराचा आणि भावनेचा, असा दोन्हींचा अनुभव म्हटला आहे, आणि माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या सांगण्याचा मान राखावा असंही सोबत लिहिलं आहे. सुजलेला सांधा आणि तुटलेला जीव एकाच माणसाचे असतात. मी हे थेरपिस्टलाच पहिल्यांदा स्पष्ट विचारलं: 'माझं दुखणं खरं आहे असं तुम्ही मानता ना?' विचारा. उत्तर द्यायला त्या अडखळल्या, तर तेही तुम्हाला कळलेलं बरं.

गुपिताचंही तसंच. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मधल्या कलम 23 ने उपचारातल्या गोष्टी गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. त्याला अपवाद आहेत, उदाहरणार्थ कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा दुसऱ्या कोणाला इजा होण्याची भीती असेल तर. प्रत्येक समुपदेशकाची पात्रता आणि नोंदणी सारखी नसते, म्हणून सरळ विचारून घ्या: 'मी काय सांगितलं तर तुम्ही ते कोणाला सांगाल?' आमच्या मॅडमनी दोन मिनिटांत स्पष्ट सांगितलं आणि माझ्या नवऱ्याशी मला न विचारता बोलणार नाही असं कबूल केलं. त्यानंतरच मी फोन हातात दिला. मुलाला मार बसत असेल, हात आवरत नसेल, तर तेही सांगाच. उशीर झाला तर ते आणखी अवघड होतं.

त्यांचा सल्ला जमत नसेल तर गप्प राहू नका. 'रोज अर्धा तास फक्त स्वतःसाठी' हे मला सांगितलं गेलं तेव्हा मी मान डोलावली आणि महिनाभर अपराधी वाटून घेतलं. शेवटी म्हटलं, 'मॅडम, तो अर्धा तास माझ्या दिवसात नाही.' मग आम्ही व्हॅन गेल्यानंतरच्या आठ मिनिटांवर आलो. त्यांच्या आधी मी एकीकडे दोनदा गेले होते. तिथे 'पॉझिटिव्ह राहा, मुलाकडे बघून दुखणं विसरा' एवढंच मिळालं. तिथे पुन्हा गेले नाही आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

आणि ज्या दिवशी 'नकोच हे सगळं' असं मनात येईल, त्या दिवशी पुढच्या वेळेची वाट बघू नका. थेरपिस्टला फोन करा. त्या उचलत नसतील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. मी एकदा रात्री अडीचला केला आहे.

एक विषय मीही अजून काढलेला नाही. घरात दुसऱ्या मुलाचं बोलणं चालू आहे. त्यासाठी मेथोट्रेक्सेट काही महिने आधी बंद करावं लागतं, आणि गोळी बंद झाली की हातांचं काय होईल याची मला धडकी भरते. त्याहून मोठी गोष्ट, मला दुसरं मूल हवंय की नको हेच मला माहीत नाही, आणि 'नको' म्हणायला लाज वाटते. येत्या गुरुवारच्या चौकोनात मी 'दुसरं' एवढंच लिहून ठेवलंय. फोटो काढताना तो चौकोन येईलच.