ओस्लो करार होऊनही पॅलेस्टाईनचं राज्य का झालं नाही?

कारण इस्रायल आणि पॅलेस्टिनींमधल्या त्या करारात राज्याचं वचन नव्हतंच. सप्टेंबर 1993 मध्ये इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेचे (पीएलओ) प्रमुख अराफत यांनी एकमेकांना पाठवलेली पत्रं बघा. अराफत यांनी इस्रायलचं अस्तित्व मान्य केलं. राबिन यांनी मात्र पीएलओला पॅलेस्टिनींची प्रतिनिधी संघटना म्हणून मान्यता दिली, बस्स. जेरुसलेम, निर्वासित, पॅलेस्टिनी भागातल्या ज्यू वसाहती, सीमा हे भांडणाचे खरे मुद्दे पाच वर्षांच्या अंतरिम काळावर ढकलले गेले. तेवढा वेळ दोन्हीकडच्या विरोधकांना पुरून उरला: फेब्रुवारी 1994 मध्ये हेब्रॉनच्या मशिदीत एका ज्यू वसाहतवाद्याने 29 नमाज्यांना गोळ्या घातल्या, हमास या सशस्त्र पॅलेस्टिनी संघटनेने बसमध्ये बॉम्ब फोडले आणि नोव्हेंबर 1995 मध्ये राबिन यांचा खून एका ज्यू तरुणानेच केला.

त्याच वर्षी, कुठे कोणाचा ताबा यावरून, वेस्ट बँक या पॅलेस्टिनी भागाचे अ, ब, क असे तुकडे पडले होते. सुमारे 60 टक्के जमीन ‘क’मध्ये गेली आणि तिथे पॅलेस्टिनी माणसाला घर बांधायचं किंवा विहीर खोदायची तरी इस्रायली लष्करी प्रशासनाची परवानगी लागते. वसाहती तर वाढतच गेल्या. माझ्या मते शांततेची शक्यता आज सगळ्यात जास्त इथेच अडते.

पण सगळा दोष कराराच्या मसुद्यावर टाकता येत नाही. 2005 मध्ये इस्रायलने गाझातून सैन्य आणि वसाहती काढल्या, 2007 मध्ये तिथे हमासने सत्ता बळकावली. माघारीची भीती वाटणाऱ्या इस्रायली मतदाराला हे उदाहरण तोंडपाठ असतं.