ट्रलीला येण्यापूर्वी: केरी, डब्लिन आणि २०१९ चा अंतिम सामना

सस्नेह नमस्कार.

आपल्या पत्नीला आयर्लंडच्या केरी काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) ट्रली गावच्या रुग्णालयात परिचारिकेची नोकरी मिळाली आहे. केरीतले लोक फुटबॉलपायी वेडे असतात आणि डब्लिनशी त्यांचे हाडवैर आहे असे ऐकल्यामुळे, नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन तिथे राहावे की डब्लिनमध्येच दुसरी नोकरी शोधावी, असा आपला प्रश्न आहे. या वैराच्या दोन्ही बाजूंना मी राहिलो आहे. २०१९ मध्ये डब्लिनच्या ड्रमकोंड्रा भागात, क्रोक पार्क मैदानापासून दहा मिनिटांच्या अंतरावर, आणि पुढे ट्रलीत. म्हणून तेवढ्यापुरतेच उत्तर देतो.

हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. गेलिक फुटबॉलमध्ये प्रत्येक बाजूला पंधरा खेळाडू असतात, चेंडू हातात घेऊन धावता येते, मात्र चार पावलांनंतर त्याला टप्पा द्यावा लागतो किंवा पायाच्या चवड्याने तो पुन्हा हातात उडवून घ्यावा लागतो. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण, आणि दांडीवरून दोन खांबांच्या मधून गेला तर एक गुण. २०२५ पासून लांबून मारलेल्या फटक्याला दोन गुणही मिळतात. धावफलकावर १-१६ असे दिसले की एक गोल आणि सोळा गुण, एकूण एकोणीस, असा हिशेब करावा. मला तो अंगवळणी पडायला एक अख्खा हंगाम लागला. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की या खेळाडूंना खेळण्याचे वेतन मिळत नाही आणि संघांची खरेदी-विक्रीही होत नाही. आपल्या गावच्या क्लबकडून आणि आपल्याच काउंटीकडून खेळायचे, असा रिवाज आहे. डब्लिनचा जॅक मॅकॅफ्री डॉक्टर आहे, तर केरीचा डेव्हिड क्लिफर्ड शिक्षक आहे. वैर एवढे मुरलेले का, याचे कारण मला यातच दिसते, कारण मैदानावर हरतो तो शेजारच्या घरातला मुलगा असतो.

१ सप्टेंबर २०१९ च्या रविवारी, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी, डब्लिन आणि केरी अखिल आयर्लंड काउंटी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आले. डब्लिनने सलग चार वर्षे या स्पर्धेचा सॅम मॅग्वायर करंडक जिंकला होता आणि पुरुषांच्या फुटबॉलमध्ये सलग पाच वेळा तो कोणालाच जिंकता आला नव्हता. १९८२ मध्ये केरी त्या विक्रमाच्या अगदी जवळ पोचली असताना ऑफली काउंटीच्या शेमस डार्बीने शेवटच्या मिनिटांत गोल केला आणि केरीचा हातातोंडाशी आलेला घास एका गुणाने गेला. जे आपल्याला मिळाले नाही ते निदान डब्लिनला तरी मिळू नये, ही भावना त्या दिवशी केरीच्या प्रत्येक माणसाच्या चेहऱ्यावर वाचता येत होती.

सकाळी मी मखराला दिव्यांची माळ लावत होतो, तेव्हा आमच्या घरापुढच्या ठेंगण्या भिंतीवर केरीच्या हिरव्या-सोनेरी जर्सीतले एक कुटुंब फॉइलमध्ये गुंडाळलेली सँडविचे सोडून बसले होते. त्यातल्या आजोबांनी मला अर्धे सँडविच दिले आणि मी कोणत्या काउंटीचा म्हणून विचारले. मी सातारा म्हणालो. त्यांनी गंभीरपणे पुढचा प्रश्न केला, की मग तुमचे वैरी कोण? मी कोल्हापूर म्हणून टाकले, आणि त्यांचे पूर्ण समाधान झाले.

सामना १-१६ विरुद्ध १-१६ असा बरोबरीत सुटला. पूर्वार्धातच डब्लिनच्या जॉनी कूपरला पंचांनी बाहेर काढले, त्यामुळे डब्लिनला उरलेला सामना चौदा खेळाडूंनिशी काढावा लागला. तरीही गोलरक्षक स्टीफन क्लक्स्टनने केरीची पेनल्टी अडवली होती आणि मॅकॅफ्रीने एक गोल व तीन गुण केले होते. उत्तरार्धात केरीच्या किलियन स्पिलेनचा गोल झाला, तेव्हा मैदानातला आवाज आमच्या स्वयंपाकघरात ऐकू आला. उकडीचा पहिला घाणा त्या गोंधळात बिघडला, असे माझी पत्नी आजही सांगते. पुन्हा सामना १४ सप्टेंबरला झाला, आपले विसर्जन आटोपून दोन दिवस झाले होते. उत्तरार्ध सुरू होताच ओवेन मर्चनने थेट धावत जाऊन गोल केला, डब्लिनने १-१८ विरुद्ध ०-१५ अशी बाजी मारली आणि पाचवे विजेतेपद नोंदवले.

३० जुलै २०२३ रोजी पुन्हा हेच दोन संघ भिडले, तेव्हा मी ट्रलीत शेजाऱ्यांच्या बैठकीत होतो. डब्लिनने १-१५ विरुद्ध १-१३ असा सामना जिंकला. शिट्टी वाजल्यावर खोलीत कोणी बोलले नाही. शेजारी उठले, चहाचे पाणी ठेवले आणि मला, डब्लिनहून आलेल्या माणसाला, पहिला कप दिला, तोही साखर न घालता. माझ्यावर उगवलेला सूड तेवढाच. मारामारीची भीती आपण मनातून काढून टाकावी. क्रोक पार्कमध्ये दोन्ही बाजूंचे प्रेक्षक शेजारी शेजारी बसतात, फक्त हिल सिक्स्टीन हा उभा राहण्याचा भाग परंपरेने डब्लिनकरांचा मानला जातो. टोमणे मात्र सोसावे लागतील, आणि ते न मारणे हे इथे परकेपणाचे लक्षण समजतात.

तेव्हा केवळ या धास्तीने ट्रली टाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उलट मुलासाठी ट्रलीच अधिक सोयीची, कारण गावात ऑस्टिन स्टॅक्स, जॉन मिचेल्स यांसारखे जुने क्लब आहेत आणि लहान मुलांना तिथे खेळता येत नाही म्हणून कोणी परत पाठवत नाही. आल्यानंतर पहिल्याच महिन्यात त्याचे नाव घालावे. दातांवर बसवायचे गमशील्ड सक्तीचे असते, ते आधी घ्यावे. क्रिकेटमुळे उंच चेंडू झेलण्याची सवय त्याला असेलच. माझ्या मुलाचे कौतुक सर्वप्रथम त्यासाठीच झाले. अंतिम सामन्याची तिकिटे बहुतांशी क्लबांमार्फत वाटली जातात, त्यामुळे सभासद होण्याचा तोही फायदा आहे. सामना आता जुलैच्या अखेरीस होतो. त्या आठवड्यात आपण डब्लिनला उतरणार असाल तर मुक्कामाची खोली फार आधी ठरवावी, नाहीतर ह्यूस्टन स्थानकावरून सुमारे चार तासांची रेल्वे धरून थेट ट्रली गाठावी. आणि मुलासाठी विमानतळावर डब्लिनची निळी जर्सी घेण्याचा मोह झाला, तर कृपया आवरावा.