दहा महिन्यांचा लॅब: जड अंग आणि काळी नखं

तुमचे दोन प्रश्न असे: १० महिन्यांचा लॅब्रॅडॉर नर ३४ किलो भरतोय, डॉग शोच्या जजनी ‘जड आहे’ म्हटलं, तर रोजचं ५०० ग्रॅम खाणं (कोरडे दाणे) किती कमी करायचं? आणि शो ६ आठवड्यांवर आलाय, पण काळ्या नखांना तो हात लावू देत नाही.

हे दोन्ही प्रश्न पुढच्या पंजात एकत्र येतात. अंगावर जास्तीचं वजन असलं की पेस्टर्न (पंजाच्या लगेच वरचा पायाचा भाग) खचतं आणि नख लवकर जमिनीला टेकतं. नख लांब असलं की जमीन बोटाला वर रेटते आणि पंजा पसरतो. स्टॅकमध्ये, म्हणजे जजसमोर चारही पाय नीट ठेवून स्थिर, उभा केला की फताडा पंजा आणि ढिला पेस्टर्न आधी नजरेत भरतो.

वजनाचा काटा नंतर, आधी हात. स्वतःची मूठ वळा आणि वरच्या उंचवट्यांवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवा. बरगड्या इतक्या टोचल्या तर कुत्रा हडकुळा. आता मूठ उघडून हात सपाट धरा आणि मागच्या बाजूने तीच हाडं चाचपा. बरगड्या अशा लागायला हव्यात. तळहाताच्या बाजूने बोटांच्या मुळाशी दाबल्यावर जसं गुबगुबीत लागतं, तशा लागल्या तर जजचं बरोबर आहे. लॅबच्या केसांखालच्या दाट अस्तरामुळे डोळा हमखास फसतो, म्हणून ही तपासणी आंघोळीत, केस ओले असताना करा. १ (हडकुळा) ते ९ (लठ्ठ) च्या मापात ४ किंवा ५ हवं.

जाड निघाला तर हिशेब असा. त्याचं योग्य वजन ३० किलो धरू. कॅल्क्युलेटरवर ३० × ३० × ३० करा, उत्तर २७०००. त्याचं वर्गमूळ दोनदा काढा, १२.८ येतं. त्याला ७० ने गुणलं की साधारण ९०० कॅलरी, ही नुसती विश्रांतीची गरज. वाढ संपत आलेल्या, हिंडत्या-फिरत्या नराला याच्या १.६ ते १.८ पट पुरते, म्हणजे १४४० ते १६२०. तुमच्या खाण्याच्या पिशवीवर १०० ग्रॅमला किती कॅलरी ते बघा. ३७० असतील तर दिवसाचं खाणं ३९० ते ४४० ग्रॅम होतं. तुमचे ५०० ग्रॅम म्हणजे १८५०, वर सरावाचा खाऊ वेगळाच. पिशवीवरचा तक्ता ही फक्त सुरुवात असते, आणि तो बहुतेकदा सढळ हाताचा असतो.

एकदम तोडू नका. पहिले दोन आठवडे ४५० ग्रॅम, मग ४२०. वाटीने किंवा कपाने मापू नका, दाणे दर वेळी वेगळे बसतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजा. रिंगच्या (शोमध्ये कुत्रा चालवून दाखवतात त्या जागेच्या) सरावातला खाऊ दिवसाच्या एक दशांश कॅलरींपेक्षा जास्त नको आणि तो याच हिशेबातून वजा करायचा. उकडलेलं ९० ग्रॅम चिकन (छातीचा भाग) म्हणजे सुमारे १५० कॅलरी, म्हणून त्या दिवशी ४० ग्रॅम दाणे कमी. तुकडा मटारच्या दाण्याएवढा पुरतो, कुत्रा आकार मोजत नाही, किती वेळा मिळालं ते मोजतो.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करा. आठवड्याला १ टक्का, म्हणजे ३४० ग्रॅमच्या आसपास उतरलं तरी भरपूर झालं, ६ आठवड्यांत ३२ वर येईल. शोच्या आधीच्या आठवड्यात उपाशी ठेवण्याचा जुना उद्योग करू नका. त्यात चरबीबरोबर स्नायूही जातो आणि चाल मरगळते. सायकलला बांधून पळवणंही आत्ता नको, मोठ्या जातीत हाडांच्या वाढीच्या चकत्या १२ ते १८ महिन्यांपर्यंत बंद होत असतात. पोहणं आणि मोकळं हिंडणं चालेल. वाढीचं पूर्ण खाणं देत असाल तर वरून कॅल्शियमची पावडर देऊ नका, जादा कॅल्शियमने हाडांची वाढ बिघडते. आणि छाती भरत नाही म्हणून चरबी चढवणं हा तर अडाणीपणाच: छाती भरते ती वयाने, दोन-तीन वर्षांचा झाल्यावर.

नखांचं काम आजच सुरू करा, कारण आतली शीर, जिला सगळे क्विक म्हणतात, एका दिवसात मागे सरकत नाही. टोक दर ५-७ दिवसांनी थोडं थोडं उडवलं तरच ती हळूहळू आखडते. शोच्या आदल्या दिवशी एकदम आखूड कराल तर रक्त येईल आणि दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये तो लंगडेल.

कात्रीसारखं क्लिपर वापरा, पातं धारदार हवं. बोथट पातं नख कापण्याआधी चिरडतं, दुखतं ते त्यानेच, आणि मग कुत्रा पाय ओढायला शिकतो. काळ्या नखात बाहेरून शीर दिसत नाही, म्हणून १ मिलिमीटरचे काप घ्या आणि प्रत्येक कापानंतर कापलेलं तोंड बघा. आधी कोरडं, खडूसारखं पांढुरकं दिसतं. मध्यभागी राखाडी, किंचित ओलसर ठिपका उमटला की थांबा, शीर पुढच्याच कापात आहे. वरच्या कडा ग्राइंडरने (नख घासायच्या छोट्या यंत्राने) गोल करा, एका जागी एक-दोन सेकंदच, नाहीतर नख तापतं. पायाच्या आतल्या बाजूला वर असलेल्या अंगठ्याचं नख विसरू नका. ते जमिनीला लागत नाही, झिजत नाही, गोल वळून कातडीत रुतू शकतं.

पाय ओढतो म्हणून दाबून धरू नका. पहिले ३ दिवस फक्त पंजा हातात, लगेच खाऊ. मग क्लिपर नखाला टेकवायचं, कापायचं नाही. मग एक नख. दिवसाला तीन नखं झाली तरी आठवड्याभरात सगळी होतात.

रक्त आलंच तर स्टिप्टिक (रक्त थांबवणारी) पावडर किंवा कॉर्नफ्लोअर चिमटीने दाबून २-३ मिनिटं धरा, मधे उचलून बघू नका. त्यानंतर तासभर ओल्या फरशीवर किंवा मातीत सोडू नका. १०-१५ मिनिटांत थांबलं नाही किंवा नख मुळाशी फाटलं, तर व्हेटकडेच.