नो-क्लीन म्हणजे कितीही ओता असं नव्हे

सोल्डरिंग केलेला पहिला सर्किट बोर्ड फ्लक्सने चिकट राहिला म्हणून हिरमुसू नकोस, सगळ्यांचं तसंच होतं. नो-क्लीन फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं, नंतर न पुसता चालणारं रसायन) निरुपद्रवी ठरतो तो पुरेसा तापल्यावरच. आयसीखाली (चिपखाली) न तापता राहिलेला द्रव ओलावा धरतो, मग पायांमध्ये करंट झिरपतो.

- ६३/३७ ची (६३% कथील, ३७% शिसं) फ्लक्सवाली सोल्डरची तार घे. ती १८३ अंश सेल्सिअसला वितळते. सोल्डरिंग आयर्न ३२०–३५० अंशांवर ठेव. थ्रू-होलला (बोर्डाच्या भोकांत पाय घालून जोडायच्या भागांना) वेगळा फ्लक्स बहुधा लागतच नाही.
- लागलाच, तर बाटलीतून ओतू नकोस. फ्लक्स पेनने रेघ ओढ.
- पुसायचंच तर पूर्ण पूस. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) अर्धवट घासलंस की पांढरा थर पसरतो, तो मूळ डागापेक्षा वाईट. भरपूर आयपीए, ब्रश, आणि वाळण्याआधी टिशूने टिपणं.

नळकामाचा ॲसिड फ्लक्स मात्र बोर्डाजवळही नको. (मी लावला होता एकदा. तांबं हिरवं पडलं.)