डॅलसमध्ये जुनं बैठं रँच घर घ्यावं की नवं दुमजली?

तुमचा प्रश्न असा आहे: डॅलसच्या रिचर्डसन या उपनगरातलं १९६८ चं बैठं रँच घर आणि फ्रिस्को उपनगराकडचं नवं दुमजली घर, किंमत साधारण सारखीच. आईवडील दरवर्षी पाच-सहा महिने येतात. कोणतं घ्यावं?

मी बैठं घ्या म्हणेन. पण स्वयंपाकघर बघून घेऊ नका, जमीन बघून घ्या.

आम्ही सात वर्षांपूर्वी याच भागात १९६६ चं घर घेतलं. बाबा यवतमाळकडचे, सगळी हयात कापसाच्या शेतात गेली. पहिल्यांदा आले तेव्हा ऑगस्ट होता. मागच्या अंगणात गेले आणि भिंतीच्या कडेने चालता चालता थांबले. माती भिंतीपासून सुटली होती. त्या फटीत त्यांनी काठी घातली तर वीतभर सहज आत गेली. म्हणाले, "अगं, ही तर आपली काळी! हिच्यावर घर बांधायचं तर मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं. यांनी किती खणलंय?"

खणलेलं नव्हतंच. त्या काळातल्या इथल्या बहुतेक घरांना खोल पाया नाही, जमिनीवर काँक्रीटची स्लॅब ओतून तिच्यावर घर उभं केलेलं असतं. (आपल्याकडे स्लॅब डोक्यावर असते, इथे पायाखाली.) आणि बाबांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. डॅलसच्या आसपासची ब्लॅकलँड प्रेअरीची माती आणि विदर्भ-मराठवाड्याची रेगूर या एकाच जातीच्या, दोन्ही व्हर्टिसॉल. इथेही एकेकाळी कापूसच पिकायचा. पाणी मिळालं की ही माती फुगते, वाळली की आक्रसते, आणि वरची स्लॅब तिच्याबरोबर हलते. फ्रिस्कोच्या नव्या घराखालीही हीच माती आहे. फरक इतकाच, की १९६८ च्या घराने पन्नासहून जास्त उन्हाळे काढलेत, त्यामुळे ते कुठे आणि किती खचलंय हे मोजून कळतं.

म्हणून नेहमीच्या होम इन्स्पेक्टरवर थांबू नका. स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, आणि तो पाया दुरुस्त करणाऱ्या कंपनीचा माणूस नको. तो घरभर लेव्हल घेऊन कुठला कोपरा किती इंच खाली गेलाय याचा नकाशा देतो. तुम्हीही फिरून बघा: दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग, बाहेरच्या विटांमध्ये जिन्यासारखी चढलेली फट, कडी न लागणारं न्हाणीघराचं दार. पूर्वी पिअर्स (खचलेली स्लॅब उचलून धरायला खाली घातलेले खांब) घातले असतील तर घाबरू नका, फक्त त्याची कागदपत्रं मागा आणि वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का ते विचारा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्लॅबखालचे सांडपाण्याचे पाइप. त्या काळातले असतील तर बिडाचे, आणि आतून गंजलेले असू शकतात. प्लंबरकडून कॅमेरा घालून घ्या आणि हायड्रोस्टॅटिक टेस्ट करून घ्या. तो बाहेरच्या बाजूने फुगा लावून पाइप बंद करतो, स्लॅबच्या पातळीपर्यंत पाणी भरतो आणि पातळी उतरते का ते बघतो. आम्ही ही टेस्ट केली नव्हती. दुसऱ्याच वर्षी घराखाली बोगदा खणून पाइप बदलावे लागले. तीन आठवडे अंगणात चिखलाचा ढीग होता आणि स्वयंपाकघर सुधारायला साठवलेले सगळे पैसे त्यात गेले. ही चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणूनच एवढं लांबलचक लिहितेय.

साल १९६८ आहे म्हणून आणखी एक: १९६५ ते १९७३ च्या दरम्यान बऱ्याच घरांत ॲल्युमिनियमचं वायरिंग झालंय. बटणांच्या पाट्या उघडून बघायला सांगा, विमा कंपनी विचारतेच. छपराचंही बघा. २,००० चौरस फुटांच्या बैठ्या घराला जवळजवळ तेवढंच छप्पर लागतं, दुमजलीला साधारण निम्मं. इथे गारा पडतात, तेव्हा विम्यात छपराचं डिडक्टिबल (नुकसान झालं तर आपल्या खिशातून भरायचा हिस्सा) किती टक्के आहे ते सही करण्याआधी वाचा.

आता आईवडिलांचं. बैठं घर म्हणजे पायऱ्या नाहीत, असं समजू नका. त्या काळातल्या कित्येक घरांत बैठकीची खोली एक पायरी खाली असते. फरशी एकाच रंगाची असली तर ती पायरी दिसतच नाही. आमची आई चहाचा कप घेऊन तिथेच पडली. नशिबाने फक्त मनगट मुरगळलं. आम्ही पुढच्याच महिन्यात तो भाग भरून घेतला. न्हाणीघराचं दारही मोजा. जुनी दारं दोन फुटांची असतात, त्यातून वॉकर अडकतो. चाकाची खुर्ची जायला ३२ इंच मोकळे हवेत.

तुम्ही म्हणाल, दुमजलीतही खाली एक बेडरूम असते. असते खरी. आमच्या आधीच्या भाड्याच्या घरात तशीच होती. मुलं शाळेतून आली की दप्तर टाकून वर पळायची आणि आई खाली जिन्याशी उभी राहून हाका मारायची. गुडघ्यांमुळे तिला सहा महिन्यांत मुलांच्या खोल्या दोनदाच बघायला मिळाल्या. आता ती रात्री मुलांच्या खोलीत जाऊन गोष्ट सांगते आणि बोळातून भिंतीला हात लावत आपल्या खोलीत येते. या एका गोष्टीसाठी मी पाइपांचा खर्चही पुन्हा करीन.

ऑफर देताना ऑप्शन पिरियड, म्हणजे तपासण्या करून वाटलं तर व्यवहारातून मागे फिरायची मुदत, निदान दहा दिवसांचा मागा. पहिल्याच दिवशी प्लंबर आणि इंजिनिअर दोघांना फोन करा, कारण उन्हाळ्यात त्यांच्या तारखा मिळत नाहीत. घर घेतलंत तर जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीपासून फूट-दीड फुटावर सोकर होज (पाणी झिरपवणारी नळी) लावून माती ओलसर ठेवा. आमच्याकडे ते काम बाबा असतील तेव्हा बाबाच करतात. रोज सकाळी काठीने माती टोचून बघतात आणि मगच नळ सोडतात.